दिव्याला पोंचो

मे महिन्यात चौकात खांब आला,
उन्हावर चालणारा, पांढराफेक, सरकारी.
गावाने त्याच्या पायाशी मक्याची दारू ओतली,
दोन भाषणं झाली,
आणि त्या रात्रीपासून आमची लामा दिसेनाशी झाली.

मी एउलालिया, इथली एकुलती एक शिक्षिका.
चौदा पोरं, पाच इयत्ता, एक खोली,
खिडकीत औसंगातेचं बर्फ.
पुस्तक राजधानीत छापलेलं. त्यात म्हटलंय:
तारे जोडा, रेघ ओढा, आकृती ओळखा.

आमच्याकडे उलटं.
आमचे प्राणी ताऱ्यांचे नाहीत,
ताऱ्यांमध्ये उरलेल्या काळोखाचे आहेत.
आकाशात एक दुधट नदी,
तिच्या पात्रात उतरलेले:
पुढे साप, मागे बेडूक, मग तितर,
मग लांब मानेची लामा, कासेला लुचणारं पिल्लू,
आणि सगळ्यांत शेवटी, अर्थातच, कोल्हा.

तर विल्फ्रेदो काकाच्या खांद्यावर चढला
आजोबांचा पोंचो घेऊन,
आणि दिव्याच्या त्याने मुसक्या बांधल्या.
आधी काहीच नाही. नुसती थंडी नाकात.
मग कुणीतरी, कानात सांगावं तसं,
"आली."

"तिचे डोळे बघा," मी म्हणाले. "ते दोन ठळक.
या डोळ्यातला उजेड चार वर्षांपूर्वी निघालाय."
"बाई, तेव्हा तर आमचा रेने जन्मला!"
"हो. रेने रांगला, पडला, चुरूचुरू बोलू लागला,
आणि हा आपला वाटेतच.
त्या दुसऱ्याला निघून जवळजवळ चारशे वर्षं झाली.
तेव्हा समुद्रापलीकडचे पाद्री
दारोदार विचारत हिंडत होते,
इथं ताऱ्यांच्या पाया कोण कोण पडतं."

पोरं गप्प.
एकाच तोंडावर दोन डोळे,
एक कालपरवाचा, एक खापरपणज्यांच्याही आधीचा,
दोन्ही आमच्याकडे लागलेले.

"आणि अंग?"
"अंग म्हणजे धूळ.
चुलीमागच्या भिंतीवर काजळी धरते ना,
तसली, तिच्याहून बारीक.
मागचे तारे तिच्याआड जातात.
थंडी इतकी, की आपला जून तिथे उबदार म्हणतील.
आणि असल्याच गार धुळीत
गोळा होत होत
नवे तारे धरतात."

हुस्ता आठ दिवस बोलली नव्हती.
त्यांच्या लामेचं पिल्लू दहिवरात गेलं होतं,
तिनेच सकाळी उचललं, लाकडासारखं.
ती वर बघत म्हणाली,
"म्हणजे ती गाभण आहे."

यावर पुस्तकात काही नाही. मी पाहिलंय.

विल्फ्रेदो म्हणाला, "आजोबा सांगतात,
मध्यरात्री ती खाली उतरते,
समुद्राचं पाणी पिते,
नाहीतर जग कधीच बुडालं असतं.
बाई, खरं काय? धूळ, की लामा?"

चौदा तोंडांतून वाफ.
"मी समुद्र पाहिलेला नाही," मी म्हणाले.
"धूळ लोकांनी मोजलीय, ती आहे.
आणि जग बुडालेलं नाही, हे तर दिसतंच आहे."
हे उत्तर झालं का, मला अजून ठाऊक नाही.
घरी जाताना पायाखाली
वाळत घातलेले बटाटे गोठताना करकरत होते.

दुसऱ्या दिवशी हुस्ताने कागद आणला,
चुलीच्या काजळीने काठोकाठ माखलेला.
दोनच ठिपके कोरे.
आणि पोटाशी, अंगठ्याने पुसलेला
एक करडा डाग.
"हे काय गं?"
"याचा उजेड अजून निघायचाय."

पोंचो खांबावरच आहे.
गावप्रमुख दोनदा येऊन मान वर करून गेले.
आजोबा कुडकुडतात,
पण मागत नाहीत.